पीएमआय ५९.३, आयआयपी ४ टक्के: कच्चा माल भरताना कशावर विसंबायचं?

भोसरी_जॉबवर्क: ऑगस्ट २०२५ चा मॅन्युफॅक्चरिंग पीएमआय (कारखान्यांच्या खरेदी व्यवस्थापकांच्या पाहणीवरचा निर्देशांक) ५९.३ आला. त्याच महिन्याचा आयआयपी (औद्योगिक उत्पादन निर्देशांक) वाढला मात्र पहिल्या अंदाजात ४ टक्क्यांच्या आसपासच. सीएनसी टर्निंगचं (संगणकचलित लेथवर धातू कातण्याचं) काम आहे. बार स्टॉक (कातायच्या धातूच्या सळ्या) किती भरायचा हे ठरवताना यातलं काय धरावं?

आकडेमोड: दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजमाप वेगळं आहे. पीएमआयसाठी सुमारे ४०० कारखान्यांना विचारतात: गेल्या महिन्यापेक्षा वाढलं, तेवढंच राहिलं की घटलं? समजा १०० पैकी ३० जण वाढलं म्हणाले, ५० तेवढंच आणि २० घटलं. तर ३० अधिक ५० चे निम्मे, म्हणजे ५५. किती वाढलं हे या हिशेबात येतच नाही. दोन टक्के वाढलेला आणि वीस टक्के वाढलेला, दोघांचं उत्तर एकच. म्हणजे ५९.३ वरून वाढ किती जणांकडे पोचली ते कळतं. आयआयपी प्रत्यक्ष उत्पादनाची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतो.

पीएमआयच्या मथळ्याच्या, म्हणजे बातम्यांत येणाऱ्या एकत्रित आकड्यात नव्या ऑर्डरींना ३० टक्के भार, उत्पादनाला २५, रोजगाराला २०, पुरवठादारांच्या डिलिव्हरीला १५ आणि खरेदी केलेल्या मालाच्या साठ्याला १०. यात डिलिव्हरी उलटी धरतात. माल उशिरा येतोय म्हणजे मागणी जोरात आहे, असं गृहीत. पण बंदरात कंटेनर अडकल्यामुळे उशीर झाला तरी आकडा वरच सरकतो. फसगत होते ती इथे.

खरेदी_विभाग: बार स्टॉकसाठी मथळा बाजूला ठेवा आणि पीएमआयचं पूर्ण निवेदन वाचा. नव्या ऑर्डरी वाढताहेत आणि तयार मालाचा साठा घटतोय, असं असेल तर पुढे उत्पादन वाढवावं लागणार; तेव्हा माल भरायला हरकत नाही. दोन्ही वाढत असतील तर हात आखडता घ्या, कारण माल गोदामात पडून राहतोय.

भावांचे निर्देशांक मथळ्यात धरलेलेच नाहीत, ते वेगळे बघावे लागतात. कच्च्या मालाचे भाव जोरात चढताहेत आणि विक्रीचे भाव तेवढे चढत नाहीत, असं दिसलं की मोठे ग्राहक जॉबवर्कचे दर दाबायला लागतात. आणि काहीही झालं तरी ग्राहकाचं पक्कं शेड्यूल आधी, निर्देशांक नंतर. चारशेच्या त्या यादीत तुमच्या ग्राहकासारखे कारखाने किती, हे बाहेरून कळत नाही.

भोसरी_जॉबवर्क: मग ऑक्टोबरचा आयआयपी पडला तर मागणी आटली असं समजायचं का?

आकडेमोड: लगेच नाही. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबर-१ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २०-२१ ऑक्टोबरला. सुट्ट्या एका महिन्यातून दुसऱ्यात सरकल्या की वर्षभराची तुलना वेडीवाकडी होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची सरासरी काढा आणि ती गेल्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांशी ताडा. शिवाय २८ तारखेला येतो तो पहिला अंदाज असतो, पुढे तो बदलतो. जुना तक्ता वापरत असाल तर मागचे महिनेही नव्याने भरून घ्या.