वावटळ, आंधी की हबूब?

खानापूरकर
आमच्या विट्याकडची कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. माझे मामा बिकानेरला असतात. परवा त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. भर दुपारचा मोकळा रस्ता आणि त्याच्या टोकाला तांबूस डोंगर उभा राहिलेला. बघता बघता तो डोंगरच चालत आला आणि दुकानात दिवे लावायची वेळ आली. खाली मामांनी लिहिलंय 'आंधी'. आई म्हणते, "अगं, वावटळ ती." पेपरवाले 'धुळीचे वादळ' लिहितात, भाचीच्या वहीत 'वाळूचे वादळ' आहे, आणि नेटवर शोधलं तर 'हबूब' हा शब्द पुढे आला. यातला बरोबर कोणता?

माणदेशी_गडी
वावटळ नक्कीच नाही. वावटळ आमच्या दहिवडी-म्हसवडच्या माळावर चैत्रात रोज चार बघायला मिळतात. पाचोळा, कागद गरगर फिरवत वर नेते, दोन-चार मिनिटं नाचते, संपते. आभाळात ढगाचा ठिपका नसतानाही उठते. आजी म्हणायची त्यात भूत असतं, म्हणून आम्ही लांब पळायचो (आणि एखादा शहाणा मुद्दाम मधे जाऊन डोळे भरून माती घेऊन यायचा). 'चालत येणारा डोंगर' म्हणजे काहीतरी वेगळं प्रकरण आहे.

भूगोल_मास्तर
माणदेशींचं बरोबर आहे. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर उसळते आणि उसळताना पीळ घेते, ती वावटळ. तिचा जन्म खाली होतो. व्हिडिओतल्या प्रकाराचा जन्म वर, ढगात होतो, म्हणून नाव ठरवण्याआधी तो होतो कसा ते बघू.

वाळवंटात गडगडाटी ढग तयार होतो तेव्हा त्याचा तळ बराच उंच असतो, कधी कधी जमिनीपासून तीन किलोमीटरवर. त्यातून पाऊस सुटतो खरा, पण खालची हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच वाळतात. पाणी वाळताना भोवतालची उष्णता घेतं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच कारण. अशी गार झालेली हवा जड होते आणि ढगाखाली कोसळते. जमिनीवर आपटल्यावर तिला आणखी खाली जायला जागा नाही, मग ती चहूबाजूंनी पसरते. अंगणात बादली उपडी केली की पाणी कसं धावतं, तसं. या धावत्या गार हवेच्या पुढच्या कडेला वारा एकदम झोडपतो, ताशी ५० ते १०० किलोमीटर वेगाने. वाटेतली सुटी धूळ उचलून ती कड पुढे पुढे सरकते आणि तिच्या मागे कितीतरी अंतरावर ढग असतो. म्हणून समोरून बघणाऱ्याला आधी धूळ दिसते, पाऊस दिसतच नाही.

आता 'वाळूचे वादळ'. पाठ्यपुस्तकं हा शब्द सर्रास वापरतात, माझा त्याला विरोध आहे. वाळूचे कण जड असतात. ते वाऱ्याबरोबर उड्या मारत जातात, बहुतेक गुडघ्या-कमरेच्या खालीच. पण प्रत्येक उडीनंतर कण जमिनीवर आपटतो आणि तिथली पिठासारखी बारीक माती उडवून देतो. किलोमीटरभर उंच चढते ती ही माती. थोडक्यात, वाळू फक्त मोगरी चालवते, आभाळात जाते ती धूळ. वर्गात मी गव्हाच्या पिठाचं आणि रव्याचं उदाहरण द्यायचो. फुंकर मारल्यावर कोण कुठे जातं ते मुलं घरी करून बघायची, आणि आया माझ्या नावाने बोटं मोडायच्या.

शब्दवेडी
सर, मोगरी आवडली!
'हबूब' अरबी आहे. वारा वाहणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. सुदानमध्ये, खार्तूमच्या आसपास अशी वादळं मे ते ऑक्टोबर या काळात वारंवार येतात, तिथूनच हा शब्द हवामानशास्त्रात गेला. एक गंमत : देवनागरीत लिहिलं की 'हबूब' आणि 'महबूब' सख्खे भाऊ वाटतात. तसं नाही. अरबीत दोन वेगळे 'ह' आहेत. प्रेमाचा 'ह' घशातून येतो, वाऱ्याचा साधा. आपल्याकडे दोन्हींसाठी एकच अक्षर, त्यामुळे घोटाळा.
अमेरिकेतही यावरून वाद झाला होता. ५ जुलै २०११ ला ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरावर दीड किलोमीटरहून उंच आणि सुमारे १६० किलोमीटर रुंद धुळीची फळी चालून आली. वृत्तवाहिन्यांनी तिला 'हबूब' म्हटलं, तर काही लोकांनी पत्रं लिहिली की आमच्या वादळाला अरबी नाव कशाला! खरं तर तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच 'अमेरिकन हबूब' अशा शीर्षकाचा लेख छापलेला होता.

कृष्णाकाठ
मग 'झंझावात' का नको? अस्सल शब्द आहे.

शब्दवेडी
अमरकोशात झंझावात म्हणजे पावसासकट वारा. इथे पाऊस वाटेतच सुकतोय. शिवाय हल्ली झंझावात फक्त प्रचारसभांचा असतो.

कृष्णाकाठ
😀 मान्य.
पण सरांनी सांगितलेलं वाचून वाटतं, हे तर आपल्या वळवाचंच वर्णन आहे. मे महिना, चारच्या सुमारास आग्नेयेकडे काळं भरून येतं, पान हलत नाही. मग एकदम गार वारं सुटतं, धुरळा उडतो, पत्रे वाजतात. घरातले सगळे वाळवणं गोळा करायला धावतात आणि दहा मिनिटांनी टपोरे थेंब. ते गार वारं म्हणजे तेच ना?

भूगोल_मास्तर
तेच. शाब्बास! फरक दोनच. आपल्याकडे हवेत दमटपणा जास्त आणि ढगाचा तळ खाली, त्यामुळे पाऊस जमिनीपर्यंत पोचतो आणि उडालेली धूळ लगेच बसवतो. दुसरं म्हणजे जमीन. ढेकळं, धसकटं, गवत यांनी माती धरून ठेवलेली असते. तरी जत-आटपाडीच्या नांगरून टाकलेल्या माळावर वळवाच्या तोंडाला धूळ बघितलीय, पुढची बैलगाडी दिसत नाही. मुंबईत १३ मे २०२४ ला हेच झालं होतं. आधी आकाश पिवळं, मग पाऊस. घाटकोपरचा जाहिरात फलक पडून १७ माणसं गेली ती त्याच वाऱ्यात.

माणदेशी_गडी
मग मराठी नाव 'धूळभिंत' करा.

भूगोल_मास्तर
भिंत एका जागी उभी असते हो. मला 'लोंढा' जवळचा वाटतो. जड हवा हलक्या हवेच्या खाली घुसून पुढे धावते, पुढची कड फुगीर, नाकासारखी. कोरड्या ओढ्याला वरच्या पावसाचं पाणी पहिल्यांदा येतं ते आठवा, काटक्या, फेस पुढे ढकलत. तसंच दिसतं. 'धुळीचा लोंढा' म्हटलं की धावणं त्यात आलं.

शब्दवेडी
'लोट' पण आहे की. धुराचे लोट, धुळीचे लोट.

भूगोल_मास्तर
लोट चालेल. पण अनेकवचनीच जास्त ऐकू येतो आणि तो कशाचाही उठतो, गाडी गेली तरी. एवढ्या मोठ्या प्रकाराला लोंढाच.

कृष्णाकाठ
जाता जाता : आमच्याकडे गाडीवाटेवरच्या मऊ धुळीला 'फुफाटा' म्हणतात. 'आगीतून फुफाट्यात' मधला फुफाटा मी कितीतरी वर्षं तोच समजत होतो. आगीतून निघून धुळीत पडला तर वाईट काय, असा प्रश्न पडायचा. तो फुफाटा म्हणजे निखारे झाकलेली गरम राख, हे लग्नानंतर बायकोकडून कळलं.

खानापूरकर
सगळ्यांचे आभार. काल मामांना फोन करून विचारलं, त्या दिवशी नंतर पाऊस आला का? म्हणाले, "चार थेंब पडले. तेही चिखलाचे. पांढऱ्या गाडीवर ठिपके ठिपके झाले." आईला स्पीकरवर ऐकवलं. ती म्हणाली, "मग वळीवच की तो. कोरडा निघाला एवढंच."
वावटळ तिने मागे घेतली आहे. व्हिडिओखाली मात्र 'आंधी' तशीच ठेवली, मामांचा शब्द आहे तो.