रेस संपल्यावर लगेच इंटरव्हल मारणं: फायदा, की पायांची वाट?

चारशे_मीटर (धागाकर्ता)

दोन-तीन जणांनी एकच प्रश्न विचारला म्हणून वेगळा धागा काढतोय. 5 किमीची रेस संपली, मेडल गळ्यात पडलं, आणि अर्ध्या तासात परत ट्रॅकवर जाऊन इंटरव्हल, म्हणजे मध्ये थोडी विश्रांती घेत 400 मीटरचे तुकडे पुन्हापुन्हा (रिपीट) मारायचे, हे शहाणपणाचं आहे का? माझं मत स्पष्ट आहे, आहे. सगळ्यांसाठी नाही आणि प्रत्येक रेसनंतर तर अजिबातच नाही, पण जो वर्षभर नियमित पळतोय, आठवड्याला दोन क्वालिटी (जोराची) सेशन आरामात पचवतोय आणि ज्याची ती रेस सीझनची मुख्य रेस नाहीये, त्याने हे जरूर करावं.

कारण साधं आहे. छोटी रेस आठवडा खाते. आधी दोन दिवस पाय ताजे ठेवायचे म्हणून हलकं पळायचं, मग रेस, मग रिकव्हरीचे दोन दिवस, आणि या सगळ्याच्या बदल्यात जोरात पळणं झालं किती तर वीस-पंचवीस मिनिटं. महिन्यात अशा दोन रेस झाल्या की ट्रेनिंग म्हणून काही उरतच नाही. त्यापेक्षा मेहनतीचा दिवस आहेच तर मेहनत तिथेच पूर्ण करा आणि पुढचे दोन दिवस खरंच हलकं पळा. अमेरिकन कोच बिल बॉवरमन यांची हार्ड-ईझी पद्धत आपण सगळेच मानतो ना, तिचाच हा अर्थ आहे, जड दिवस जड आणि हलका दिवस हलका.

उदाहरण द्यायचं तर जानेवारी 2014 मध्ये अमेरिकन धावपटू गॅलन रपने बॉस्टनच्या इनडोअर ट्रॅकवर दोन मैलांचा अमेरिकन रेकॉर्ड केला, 8:07.41, आणि त्याच संध्याकाळी तिथेच पाच वेळा एक-एक मैल पळाला, शेवटचा मैल तर चार मिनिटांच्या आसपास.

माझा फॉर्मॅट: रेसनंतर 20 मिनिटं एकदम हळू जॉग, पाणी आणि इलेक्ट्रोलाइट, ओले मोजे बदलायचे (हे विसरू नका, फोड इथेच येतात), मग 4 ते 6 वेळा 400 मीटर, 5 किमीच्याच पेसने (वेगाने), त्याहून फास्ट नाही, मध्ये 200 मीटर जॉग. बस.

---

पोटरी_धरली

पूर्ण असहमत, आणि जरा कळकळीनेच लिहितेय कारण हे वाचून उद्या कोणीतरी करणार.

रपचं उदाहरण इथे लागूच होत नाही. तो 2012 च्या ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटरचं सिल्व्हर घेतलेला माणूस, आणि त्याची ती रेस आठ मिनिटांची होती. आपल्यातले बहुतेक जण 5 किमीला पंचवीस-तीस मिनिटं घेतात आणि त्यातली शेवटची दहा मिनिटं जीव तोडून पळतात, म्हणजे अंतर सोडा, मिनिटं मोजा, आपली 5 किमी ही एलिटच्या 10,000 मीटरच्या बरोबरीची झाली. 10,000 ची फायनल मारून कोणी लगेच मैल रिपीट करायला जात नाही. शिवाय तो ज्या ग्रुपमध्ये होता त्याचे कोच अल्बर्टो सालाझार यांच्यावर 2019 मध्ये डोपिंगच्या नियमभंगासाठी चार वर्षांची बंदी आली. रपवर माझा काही आरोप नाही, पण रिकव्हरी कशी असावी याचा आदर्श म्हणून मी तो ग्रुप घेणार नाही.

दुसरं म्हणजे रेस संपल्यावर अर्धा-पाऊण तास शरीर खोटं बोलतं. अ‍ॅड्रेनालिन चढलेलं असतं, दुखत नाही, उलट भारी वाटतं. एखाद्या दमलेल्या रनरच्या शेजारी उभं राहून नुसता आवाज ऐका. पहिल्या किलोमीटरला पाऊल टप-टप पडतं, हलकं आणि एकसारखं. रेसच्या शेवटी तेच थप्प-थप्प होतं, एका पायाचा आवाज दुसऱ्यापेक्षा मोठा यायला लागतो, कंबर खाली बसते, गुडघा आत वळतो. पळणाऱ्याला यातलं काही कळत नसतं, त्याचं लक्ष घड्याळाकडे. आता याच पायांवर तुम्ही 400 चे रिपीट लावणार आणि तेही रेस पेसने. पोटरी, अकिलीस (टाचेमागची शीर), हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू), यातलं एक ठरलेलं.

---

दमसास

पोटरी_धरली यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे.

इंटरव्हल ही पद्धत 1930 च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर या कोचने डॉक्टर हर्बर्ट राइंडेल यांच्याबरोबर बसवली. त्यांचा रुडॉल्फ हार्बिग 1939 मध्ये 800 मीटर 1:46.6 पळाला, त्या काळात. त्यांचा नियम असा की पळताना पल्स 180 च्या आसपास जाऊ द्यायची आणि मग ती 120 वर येईपर्यंत थांबायचं, पण दीड मिनिटात ती खाली आली नाही तर तुमचं पळणं जास्त कडक झालं, म्हणजे सेशन आवरा किंवा हलकं करा. म्हणजे या पद्धतीत खरा खेळ विश्रांतीचा, नावच दोन पळण्यांमधल्या अंतरावरून पडलंय.

आता रेसनंतर वीस मिनिटांनी स्वतःची पल्स बघा. जॉग करतानाच 140-150 असते, घाम गेलेला, अंग तापलेलं. ती 120 वर दीड मिनिटात येणारच नाही. मग तुम्ही जे करताय ते इंटरव्हल नाहीच, संपलेली रेस तुकड्या-तुकड्यांनी लांबवताय.

---

चारशे_मीटर

दमसास, मुद्दा चांगला आहे, खरंच. पण गेर्शलरचं गणित हृदयाचं होतं, ताज्या शरीरावर केलेल्या सेशनसाठी. इथे हेतू वेगळा आहे. दमलेल्या पायांवर ठरलेला पेस आणि फॉर्म धरून ठेवायचा सराव, जो ताज्या पायांवर होऊच शकत नाही. पल्स 120 वर येत नाही मान्य, मग विश्रांती वाढवा, 200 ऐवजी 400 जॉग करा.

पोटरी_धरली, मिनिटं मोजा हा मुद्दा मात्र मी घेतो. अंतरापेक्षा वेळ बघावी. 5 किमीला तीस मिनिटं लागत असतील तर हे करू नये, एवढं मी वरच्या पोस्टला जोडतो. आवाजाबद्दल बोललात तेही बरोबर, पण माझं म्हणणं उलटं आहे, तो थप्प-थप्प आवाज रेसमध्ये येतोच ना? मग तो आल्यावर कंबर वर कशी ठेवायची हे कुठे शिकणार? 400 मीटरच्या छोट्या तुकड्यात, जिथे दोन मिनिटांनी थांबता येतं, तिथेच.

---

नवी_पळणारी

एक बेसिक प्रश्न आहे, रागावू नका. आमच्या ग्रुपमधले एक दादा म्हणतात की रेसनंतर थोडं जोरात पळलं की लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखत नाहीत, म्हणून ते हाफ मॅरेथॉननंतरही स्ट्राइड्स (छोटे, जोरात पळायचे तुकडे) मारतात. हे खरं आहे का? आणि हाफनंतर इंटरव्हल चालतील का?

---

दमसास

रागावण्यासारखं काहीच नाही ताई, हा समज सगळीकडे आहे. लॅक्टेट रक्तातून साधारण तासाभरात आपोआप निघून जातं, नुसतं चाललात तरी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे आणि त्यानंतरच्या सुजेमुळे, विशेषतः उतारावर पळल्यामुळे. ते जोरात पळून कमी होत नाही, झालं तर वाढेल.

हाफनंतर इंटरव्हल अजिबात नाही. या एका बाबतीत धागाकर्तेही माझ्याच बाजूचे असतील.

---

चारशे_मीटर

शंभर टक्के. हाफ आणि फुलनंतर कसलंच जोरात पळणं नको. अमेरिकन कोच जॅक डॅनियल्स यांचा हिशोब सोपा आहे, रेसच्या दर 3000 मीटरला एक हलका दिवस. म्हणजे 5 किमीला जेमतेम दोन, 10 ला तीन, हाफला सात आणि फुलला चौदा दिवस. फुलनंतर तर स्नायूंची मोडतोड इतकी असते की ग्लायकोजेन (स्नायूंतला साखरेचा साठा) भरायलाही नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, कितीही खा.

---

पहाटपाय

मी बऱ्याच वर्षांपासून एका ग्रुपला पळवतो, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो. धागाकर्त्यांचा हेतू मला पटतो, पण साधन चुकीचं निवडलंय असं वाटतं. दमलेल्या पायांवर काम करायचंय ना, मग रेसनंतरच का? इटालियन कोच रेनातो कॅनोव्हा मॅरेथॉनवाल्यांना स्पेशल ब्लॉक देतात, एकाच दिवशी सकाळी एक जड सेशन आणि संध्याकाळी दुसरं. पण मध्ये बरेच तास असतात, माणूस जेवतो, झोपतो, आणि तो दिवस आधीपासून प्लॅनमध्ये असतो, पुढचे दिवस त्यासाठी मोकळे ठेवलेले असतात.

आणि एक गोष्ट कोणीच बोललं नाही. रेसनंतर इंटरव्हल आहेत हे माहीत असलं की माणूस रेस मनापासून पळत नाही. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता चौथ्या किलोमीटरला चेहरा बघून ओळखतो. तोंड मिटलेलं, खांदे सैल, नजर इकडे-तिकडे. जो सगळं देऊन पळतोय तो असा दिसत नाही. डोक्यात कुठेतरी हिशोब चालू असतो की अजून सहा रिपीट आहेत, थोडं राखून ठेवू. मग रेसही अर्धी आणि इंटरव्हलही अर्धे. रेस ही एकच जागा आहे जिथे आपल्याला आपली खरी मर्यादा कळते, शेजारी दुसरा माणूस असतो आणि तो सोडत नाही, ते ट्रेनिंगमध्ये मिळत नाही. ते का घालवायचं?

---

सावकाश_पण_रोज

पहाटपाय +१. चेहऱ्याचं निरीक्षण अगदी पटलं.

---

चारशे_मीटर

पहाटपाय, हा आत्तापर्यंतचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर द्यायचंय.

राखून पळणं होतं हे खरं, पण ते कशामुळे? रिपीट फार कडक ठेवल्यामुळे. समोर सहा मैल रिपीट दिसत असतील तर कोणीही राखेल. चार 400, तेही रेसच्याच पेसने, यासाठी कोणी चौथ्या किलोमीटरला खांदे सैल सोडणार नाही. आणि ट्रॅकवाल्यांचा विचार करा, ज्यांना हीट, सेमी, फायनल अशा फेऱ्या असतात. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मोरोक्कोचा हिशाम एल गेरूज 1500 जिंकला आणि चार दिवसांनी 5000 सुद्धा, तेही इथिओपियाच्या बेकेलेला शेवटच्या शंभर मीटरमध्ये मागे टाकून. फेऱ्या धरल्या तर किती वेळा दमलेल्या पायांवर परत उभं राहावं लागलं असेल. ज्याला अशा स्पर्धा करायच्यात त्याला एकदा जोर लावून झाल्यावर पुन्हा जोर लावता येतो हा विश्वास आधी मिळायला नको का?

---

पहाटपाय

फेऱ्या पळणाऱ्या 1500 वाल्या तरुण मुलांसाठी मान्य. त्यांना मी स्वतः 800 ची टाइम ट्रायल (घड्याळ लावून पूर्ण जोरात पळणं) देऊन वीस मिनिटांनी 200 चे रिपीट देतो. पण इथे वाचणारे बहुतेक जण चाळिशीतले, नोकरी करून पहाटे पळणारे, रविवारी 10 किमी मारणारे. त्यांच्या आयुष्यात हीट आणि फायनल नाहीयेत. त्यांना हवंय की पुढच्या आठवड्यातही पळता यावं.

---

पोटरी_धरली

हेच म्हणायचं होतं मला. आणि आठवडा वाचतो हा धागाकर्त्यांचा मूळ हिशोबच मला कच्चा वाटतो. रेस अधिक इंटरव्हल झाल्यावर रिकव्हरी दोन दिवसांत होते हे धरून चाललंय सगळं. चार झाले तर? मंगळवारचं सेशन जड पायांनी, गुरुवारचं रद्द, मग वाचलं काय? आठवडा वाचवायचा असेल तर छोट्या रेस कमी करा ना. किंवा रेसच्या *आधी* वॉर्मअप लांब करा, नंतर हलकं चाळीस मिनिटं पळा, व्हॉल्यूम (एकूण अंतर) तसंही भरून निघतं आणि टेंडनवर जोर येत नाही.

तरी कोणी करणारच असेल तर निदान हे पाळा. पहिलं 400 ठरलेल्या पेसपेक्षा दोन सेकंदांनी जरी हळू आलं आणि वर मेहनत जास्त वाटली, तर तिथेच थांबा, दुसरं पळून बघू असं म्हणू नका. पोटरीत एका बाजूला काहीही ओढल्यासारखं वाटलं तर पळतच जाऊ नका परत, चालत जा. आणि रेसनंतर पहिल्या तासात काही खाल्लं नसेल तर इंटरव्हलचा विषयच बंद, रिकाम्या टाकीवर फॉर्म धरायचा सराव होत नाही.

---

चारशे_मीटर

तिन्ही अटी मान्य, वरच्या पोस्टमध्ये तशाच टाकतोय. वीस मिनिटांच्या जॉगआधी एक केळं किंवा जेल घ्यायचं हेही टाकतो. रेस कमी करा यावर मात्र माझं मत बदललेलं नाही, कित्येकांना फक्त रेसमुळेच पळायची ओढ राहते, त्यांना रेस सोडा म्हणणं म्हणजे पळणं सोडा म्हणण्यासारखं आहे. पन्नास मिनिटांच्या आत 10 किमी मारणाऱ्यांसाठी नंतर थ्रेशोल्ड पेसने (साधारण तासभर टिकेल अशा कडक वेगाने) दोन किलोमीटर, इंटरव्हल नाही, एवढं चालेल का यावर पहाटपाय यांचं मत हवंय.

---

पहाटपाय

10 नंतर नाही. 5 नंतर, मुख्य रेस सहा आठवडे तरी लांब असेल आणि माणूस पंचेचाळीसच्या आतला असेल तर एखाद्या वेळी. 10 नंतर घरी जाऊ द्या त्यांना.

---

पोटरी_धरली

5 नंतरही नाही.