उपवासकाळ आणि आपलं वावर : तुमचे अनुभव लिहा

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या आपल्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमधली मिस्सा (प्रार्थनाविधी) आटोपून घरी येताना आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मायनं मला मधातच थांबवलं. कपाळावरची राख घामानं भुवईपर्यंत उतरली होती. म्हणाली, "पोरी, फादर म्हनते काहीतरी सोडा. मटन आमाले वर्षातून दोनदा भेटते. ठेचा-भाकर तर रोजचीच. मंग मी सोडू काय?"

मला उत्तर सुचलं नाही. चार दिवस तोच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून हा धागा.

नियम तसे आपल्याला पाठ आहेत. राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) उपवास, म्हणजे एकच पोटभर जेवण. तो 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. शुक्रवारी मांस वर्ज्य, ते 14 पासून पुढे. बुधवारपासून पास्काच्या (ईस्टरच्या) आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर 46 भरतात. मधले सहा रविवार वगळायचे, की 40. पण त्या मायचा प्रश्न यातल्या कशातच बसत नाही. खेड्यात चार-पाच कॅथलिक घरं, फादर महिन्यातून एक-दोनदा येणार, अशा ठिकाणी तुम्ही हा काळ कसा काढता? जमलं ते लिहा, जमलं नाही तेही लिहा. नावं देऊ नका.

मूल तालुका, चंद्रपूर

आधी एक छोटी गोष्ट. आमचा चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार रीतीचा, म्हणजे केरळातून आलेल्या कॅथलिक परंपरेचा. आमच्या कपाळाला राख सोमवारीच लागते, तुमच्या दोन दिवस आधी. माझी सून अमरावतीकडची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिनं सोमवारी आमच्यासोबत राख घेतली आणि बुधवारी माहेरच्या आठवणीनं पुन्हा उपवास धरला. तेव्हापासून घरात दोन्ही दिवस पाळतो.

शेतकरी, यवतमाळ जिल्हा

हे मी घरच्यांशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. लहान्या भावाशी धुऱ्यावरून सात वर्षं अबोला होता. गावात सगळे समजत की त्यानं धुरा कोरला. खरं असं की हद्दीचा दगड मीच एका रात्री तीन फूट सरकवला होता. दरवर्षी उपवासकाळात मांस सोडायचो, चहा सोडायचो, एका वर्षी तर मीठ सोडलं. दगड तिथंच.

त्या वर्षी पापनिवेदनाला बसलो आणि का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं. मला वाटलं, प्रायश्चित्त म्हणून जपमाळ सांगतील. फादरांनी विचारलं, "दगड कधी हलवला होता?" म्हटलं, रात्री. म्हणाले, "मग दिवसा परत ठेव."

शनिवारी सकाळी नऊ वाजता पहार घेऊन गेलो. सात वर्षांत दगड जमिनीत असा बसला होता की निघता निघेना. भाऊ पलीकडे गव्हाला पाणी देत होता. खोरं टेकवून उभा राहिला. मी तीन फूट मोजले, खड्डा केला, दगड उभा केला, माती दाबली. तो एक शब्द बोलला नाही. मीही नाही. घरी येऊन हात धुतले तेव्हा लक्षात आलं की तळव्याचं साल निघालं आहे.

आजही आम्ही फार बोलत नाही. पण त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला पुतण्या लाकडी नंदी घेऊन माझ्या दारात आला, बोजारा (पोळ्याची भेट) मागायला. बापानं पाठवल्याशिवाय पोरगं येत नाही.

धागा सुरू करणारी

दादा, तुमचं वाचून मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं ते वचन आठवलं : अर्पण वेदीजवळच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. इतक्या वेळा ऐकलं आहे, पण पहार घेऊन गेलेला माणूस पहिल्यांदाच भेटला.

वय 24, वर्धा जिल्हा

मी खर्रा (तंबाखू-सुपारीचा) सोडला. रोजचे चार व्हायचे. पैसे पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायचो, चर्चमधल्या गरिबांच्या पेटीसाठी. बाराव्या दिवशी मित्राच्या लग्नात कोणीतरी घोटून हातावर ठेवला आणि मी खाल्ला. रात्रभर झोप नाही. वाटलं, आता कशाला पुढे चालवायचं, मोडलंच. सिस्टरांनी एवढंच विचारलं, "क्रुसाच्या वाटेत येशू किती वेळा पडतो?" तीनदा, त्या चौदा स्थानांच्या प्रार्थनेत. तेराव्या दिवशी पुन्हा सोडला. दोन वर्षं झाली, अजून सुटलेला आहे. तल्लफ येते तेव्हा डबा हलवून बघतो.

निवृत्त शिक्षक, वरुड

वय 67, साखरेचा आजार. उपवास धरला तर फादरच रागावतात. मी रोज संध्याकाळी गावातल्या एका म्हाताऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. तो कॅथलिक नाही आणि त्याला फक्त संत्र्याचा भाव ऐकायचा असतो.

कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारा), गडचिरोली जिल्हा

आमच्याकडे उपवासकाळ आणि मोहाचा हंगाम एकाच वेळी येतो. फुलं पहाटे गळतात, उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर ढोरं आणि वानरं खातात. घरातले सगळे अंधारातच टोपल्या घेऊन रानात. शुक्रवारी सकाळी क्रुसाच्या वाटेला चॅपलमध्ये मी आणि एक आजारी आजोबा, दोघंच. दोन वर्षं मी लोकांवर चिडलो. घराघरांत जाऊन बोललोही, त्याचं आज वाईट वाटतं.

तिसऱ्या वर्षी क्रुसाची वाटच रानात नेली. बांबूचे 14 क्रूस केले आणि ज्यांच्याखाली आमची माणसं वेचतात त्या झाडांना सुतळीनं बांधले. टोपली खाली ठेवायची, गुडघे टेकायचे, प्रार्थना, की पुढच्या झाडाकडे. पाचव्या स्थानी शिमोन येतो. मार्कच्या शुभवर्तमानात लिहिलं आहे की तो रानाकडून येत होता आणि त्याला धरून क्रूस वाहायला लावला. हे मी शंभरदा वाचलं असेल. त्या दिवशी समोर सगळी रानातलीच माणसं, हाताला मोहाचा चिकट वास, आणि मला पुढचं वाचता येईना. एका बाईनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि ती वाचू लागली.

गोंदिया जिल्हा

2020 चं लिहिते. 26 फेब्रुवारीला राख घेतली आणि महिन्याच्या आत सगळं बंद. 27 मार्चला पोप फ्रान्सिस पावसात, व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात एकटे प्रार्थना करत होते. आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. नेट फक्त धाब्यावर भेटायचं, म्हणून आम्ही सहा जण एका मोबाइलभोवती धाब्यावर बसलो. आशीर्वादाच्या वेळी रेंज गेली. सासूबाई तरी डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून तशाच बसून राहिल्या, चित्र परत येईपर्यंत.

घाटंजी तालुका

मालक जाऊन सहा वर्षं झाली. कर्ज होतं, त्याबद्दल लिहीत नाही.

मागच्या वर्षी फादर म्हणाले, आज्ञा गुरुवारी (येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीचा, ईस्टरआधीचा गुरुवार) पाय धुण्याच्या बारा जणांत तुम्ही बसा. 2016 पासून बायकांनाही बसता येतं, पोप फ्रान्सिसनी तसा नियम केला. मी नाही म्हटलं. तीनदा विचारलं तेव्हा हो म्हटलं.

पऱ्हाटीच्या वावरात टाचा कशा फाटतात ते बायांना ठाऊक आहे. आदल्या रात्री गरम पाण्यात पाय बुडवून वजरीनं घासले. भेगांतली काळी माती निघेचना, रक्त आलं तरी. तशीच गेले. पायावर पदर ओढून बाकावर बसले.

फादर घमेलं घेऊन गुडघ्यावर बसले आणि मी पाय मागे ओढला. पेत्रानंही तसंच केलं होतं ना, योहानाच्या तेराव्या अध्यायात : तू माझे पाय धुणार? फादर काही बोलले नाहीत. नुसते थांबले, पाणी हातात घेऊन. सगळं चर्च बघत होतं. मग मी पाय पुढे केला. पाणी थंड होतं, माठातलं असावं. पुसताना भेगेपाशी त्यांनी हात हळू केला.

बाळंतपणात मायनं पाय चोळले होते. त्यानंतर कोणी माझ्या पायाला हात लावला नव्हता. उपवास, जपमाळ, सगळं मी सहा वर्षं करत होते, पण कोणाकडून काही घ्यायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. शेजारणीनं भाजीची वाटी दिली तर मी दुसऱ्या दिवशी भरूनच परत करायची. त्या गुरुवारनंतर एकदा वाटी रिकामी परत केली.

धागा सुरू करणारी

ताई, तुमचं लिहिलेलं मी आज त्या मायच्या ओसरीत बसून मोठ्यानं वाचलं. ती तूर पाखडत होती. मधेच सूप खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "त्या बाईले सांग, मेन पातळ करून त्यात खोबऱ्याचं तेल टाकजो अन् रातच्याले टाचेत भरून झोपजो. कोमट असू दे, गरम नोको." थोड्या वेळानं आत गेली आणि तिच्याजवळची मेणाची वडी घेऊन आली. तुमच्या गावाकडे कोणी येणारं असेल तर कळवा, माझ्याकडे ठेवली आहे.