चर्चमध्ये ड्रमसेट आला आणि ना. वा. टिळकांची भजनं कपाटात गेली, हे बरोबर चाललंय का?

नगरी_तबला:
आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारची उपासना आता तरुण संघाकडे दिलीय, तरुणांना काम मिळालं याचा आनंदच आहे, पण वेदीशेजारी ड्रमसेट, बास गिटार, निळे-जांभळे लाईट, समोर प्रोजेक्टर आणि गाणी सगळी हिलसाँग किंवा बेथेल या परदेशी चर्चच्या बँडची, नाहीतर त्याच धर्तीची हिंदी. उपासना संगीताची, म्हणजे मराठी ख्रिस्ती गीतांची पुस्तकं बाकांवरून उचलून कपाटात टाकली. अरे, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे शंभरावर भजनं लिहिली, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा हा माणूस, अभंग, ओवी, कीर्तन सगळं येशूच्या पायाशी आणून ठेवलं. ते आपल्याच नगरमध्ये घडलं आणि आपल्याच पोरांना त्यातलं एक कडवं पाठ नाही. मला हे सहन होत नाही, स्पष्ट बोलतो.

हिंजवडी_गिटार:
दादा, आदर ठेवून पण पूर्ण विरोधात. टिळकांनी काय केलं? लोक ज्या चालीवर आधीच डोलत होते ती चाल घेतली. त्या काळात माणसं कीर्तनाला गर्दी करायची, म्हणून कीर्तन. आज माझ्या वयाची पोरं कानात हेडफोन घालून जे ऐकतात तेच आम्ही घेतोय. १८८२ ला मुंबईत मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) आली, रस्त्यात वाजतगाजत निघाली म्हणून पोलिसांनी पकडलं होतं, तेव्हाही हा देवाच्या नावाने गोंगाट आहे असंच म्हणत असतील. आणि आमच्या फेलोशिपमध्ये, म्हणजे उपासनेच्या गटात, केरळचे, नागालँडचे, झारखंडचे लोक आहेत, त्यांच्यासोबत साकी वृत्तातलं जुनं मराठी पद कसं गायचं? हिंदी-इंग्लिश ही गरज आहे, फॅशन नाही.

नगरी_तबला:
भाषेचं मान्य, पुण्यातल्या तुमच्या फेलोशिपचा प्रश्न वेगळा. आमच्याकडे शंभर टक्के मराठी लोक बसतात. आणि माझा खरा राग गिटारवर नाहीये. भजनात काय होतं, एकजण ध्रुपद उचलतो आणि सगळे मागून म्हणतात, दोन वेळा ऐकलं की निरक्षर आजीसुद्धा गाते, पुस्तक लागत नाही. तुमची गाणी रेकॉर्डिंगसाठी एका गायकाच्या गळ्याला बेतलेली, पट्टी इतकी वर की आमच्या आयाबायांचा आवाज पोचतच नाही, मधेच एकच ओळ आठ-दहा वेळा, आणि स्टेजवरचे स्पीकर, ड्रम इतके मोठे की शेजारचा गातोय का तेही कळत नाही. मंडळी उभी राहून बघते. उपासना मंडळीने करायची की स्टेजवरच्या सहाजणांनी, एवढं सांगा.

निर्मळची_लेक:
कॅथलिक बाजूने थोडं लिहिते. आमच्या वसईत आजी-आजोबांनी लॅटिन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकली, उत्तरं पाठ पण अर्थ माहीत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेचा दस्तऐवज काढला, त्यात ग्रेगोरियन गायनाला (जुन्या लॅटिन उपासनागायनाला) मानाची जागा ठेवली, पाईप ऑर्गनचं कौतुक केलं आणि त्याच दस्तऐवजात मिशनच्या देशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतालाही योग्य मान द्या म्हटलं. म्हणून तर आज पेटीवर मराठी गायन होतं. पण इतिहास इतका सरळही नाही हो. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, येशूच्या चरित्राचं मराठी काव्य, १६१६ ला गोव्यात राशोलला छापलं गेलं, अस्सल ओवीत. आणि त्याच गोव्यात १७३६ ला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, हुकूम काढून लग्नातल्या ओव्या बंद केल्या. चर्चनेच ओवी उचलली, चर्चनेच दाबली. त्यामुळे परंपरा वाचवा असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, कुठली?

हलगी_जालना:
सगळं वाचलं. टिळकांबद्दल मनापासून आदर आहे पण एक गोष्ट इथे कोणी बोलत नाहीये. नगर, जालना, सोलापूर इथल्या बहुतेक मंडळ्या महारवाड्यातून, मांगवाड्यातून आल्या. आमच्या पणज्याच्या गळ्यात हलगी होती. चर्चमध्ये तबला आला, पेटी आली, ती सभ्य वाद्यं. हलगी का नाही आली? आणि याचं उत्तर फक्त मिशनरी किंवा वरच्या जातीतून आलेले लेखक असं नाही, आमच्याच म्हाताऱ्यांनी नको म्हटलं, कारण गावाच्या मिरवणुकीत, मयतीत ती सक्तीने वाजवावी लागायची, पट्टा गळ्यात घातला की जात दिसायची. बाप्तिस्म्यानंतर ती खुंटीला टांगणं हीच त्यांची मुक्ती होती. तमिळनाडूत मदुराईच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, थिओफिलस अप्पावूंनी पराई (तिथल्या दलितांचं चामड्याचं वाद्य) आणि लोकगीतं उपासनेत मानाने आणली, म्हणजे दुसरी वाटही आहे. मला स्वतःला हलगी वेदीजवळ ऐकायचीय.

नगरी_तबला:
हलगीदादा, आणा ना, मी स्वतः पाळकसाहेबांशी बोलतो. हे तर माझ्याच बाजूचं आहे, आपल्या मातीचं वाद्य, आणि हलगीवर सगळी मंडळी टाळी धरेल.

हलगी_जालना:
तुमच्या बाजूचं पूर्ण नाही. माझा मुलगा पुण्यात ड्रम वाजवतो. त्याला हलगी दिली तर तो घेत नाही, म्हणतो, ड्रमसेटवर बसलो की कोणी आडनावावरून अंदाज लावत नाही. आता त्याला मातीशी नाळ तोडली म्हणून मी कसं सुनावू? ज्याला माती म्हणजे गोड आठवण तो परंपरा मागतो, आमच्या वाट्याला मातीत बरंच काही आलंय.

हिंजवडी_गिटार:
हे मी कधीच मांडू शकलो नसतो, थँक्यू काका. बाकी तबलादादांचा पट्टीचा मुद्दा घेतो, बायकांना पोचत नसेल तर गाणं खाली आणायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. लाईटवर मात्र मी मागे हटणार नाही. चर्चमध्ये रंगवलेली भिंत चालते, खिडक्यांना रंगीत काच चालते, मग दिव्याचंच का टोचतं?

निर्मळची_लेक:
काचेतून येणारा उजेड सगळ्यांवर पडतो, स्पॉटलाईट एकावर, म्हणून टोचतं. आणि आता अजून एक विचारते. इथे बायकांच्या गळ्याला पोचेल ती पट्टी कुठली हे पुरुषच आपसात ठरवताहेत. बाकावर सगळ्यात मोठ्याने गातात त्या बायका, पण तुमच्या मंडळीत गाणी निवडायला बसतं कोण? ख्रिस्तायन हे येशूवरचं महाकाव्य टिळकांच्या हातून अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, एवढं तरी नगरकरांना सांगायला लागू नये. वर्शिप टीम असो की भजनी मंडळ, यादी करायला किती बायका आहेत ते आधी इथे लिहा, मग ड्रमचं बोलू.