गोव्यात कॅम्परव्हॅन: काय आणू, काय घरी ठेवू?

प्रेषक: बंटी (सॅन होजे)
प्रति: मंडळाची ईमेल यादी

मंडळी, नमस्कार.

यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं गोव्याला चाललोय. हॉटेल नको असं घरात ठरलं आहे, म्हणजे पोरांनी ठरवलं आणि मी मान डोलावली. यलोस्टोन, झायन सगळं आरव्हीतून (म्हणजे चाकांवरच्या घरातून) झालं, मग गोवा का नाही? पुण्याहून चालकासकट व्हॅन भाड्याने मिळतेय. चौघांची झोपायची सोय, इवलासा ओटा, कॅसेट टॉयलेट (खालची टाकी काढून रिकामी करायची), छतावर सोलर.

आमच्या गराजमधून निघणारं सामान असं: पाचशे वॉट-तासांचं पॉवर स्टेशन (म्हणजे मोठी बॅटरी), सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसताना उपग्रहावरून निरोप पाठवणारा), तीस अँपिअरचा सर्ज प्रोटेक्टर, गाडी सपाट उभी राहावी म्हणून चाकांखाली घालायचे लेव्हलिंग ब्लॉक, वाळूतून गाडी काढायच्या दोन ट्रॅक्शन फळ्या, इलेक्ट्रिक किटली, प्रोपेनची शेगडी आणि तंबू. यातलं काय आणू? समुद्रकाठी हुकअपवाली (वीज-पाणी-मैल्याची जोडणी असलेली) जागा कुठे मिळेल? पोरांना मोरजीच्या वाळूत तंबू ठोकायचाय.

बंटी
(पन्नाशी आली, मंडळात अजून बंटीच)

प्रेषक: भाई (म्हार्दोळ, फोंडा)

बंटी,

डेट्रॉइटला सव्वीस वर्षं काढून मी इथे परत आलो, पण यादीवरून नाव काढलं नाही ते अशाच पत्रांसाठी. तुझी यादी वाचून हसू आलं आणि मग थोडी काळजीही वाटली.

सॅटेलाइट मेसेंजर आत्ताच्या आत्ता बॅगेतून काढ. मिशिगनच्या जंगलात तो खिशात नसेल तर आमची ही मला दाराबाहेर पाऊल टाकू देत नसे. इथे तो खिशात सापडला तर पोलिस आत घेतील. परवान्याशिवाय उपग्रहाशी बोलणारं उपकरण भारतात जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. तिकडे दुकानात ते सरळ मिळतं, तू अमेरिकेचा नागरिक आहेस, संकटासाठीच ठेवलंय, यातलं काही ऐकून घेत नाहीत. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्याच विमानतळावर कॅनडाच्या एका बाईंना असल्या छोट्या यंत्रापायी पोलिस केसला तोंड द्यावं लागलं. त्यापेक्षा इथलं सिमकार्ड घे. मोले आणि नेत्रावळीच्या जंगलांच्या आतल्या भागात रेंज जाते, तिथे निघण्याआधी घरी सांगून निघायचं. आपले आजोबा हेच करायचे.

पॉवर स्टेशन विमानात चढणारच नाही, केबिनमध्येही नाही आणि खालच्या सामानातही नाही. प्रवाशाजवळच्या लिथियम बॅटरीला शंभर वॉट-तासांपर्यंत मुभा असते, त्यापुढे एकशेसाठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. पाचशेचं नाव काढू नकोस.

किटली आणि सर्ज प्रोटेक्टर तुमच्या १२० व्होल्टचे, इथे २३०. तसली किटली लावलीस तर ताकद जवळजवळ चौपट होईल आणि पाणी उकळायच्या आत किटलीच जाईल. फोन, लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात, तरी मागचं बारीक अक्षर वाच. इथे आल्यावर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात पंधरा अँपिअरचा जाड तीन पिनांचा प्लग आणि वीस मीटर जाड तांब्याची केबल बनवून घे. आणि वापरताना गुंडाळी पूर्ण सोड. गुंडाळलेल्या केबलीतून एसी चालवला की ती आतून तापते, प्लास्टिक वितळतं. माझ्या शेजाऱ्याची लग्नाच्या मांडवात अशीच गेली.

आता जागेचं. तू म्हणतोस तशी वीज, पाणी, मैला सगळं एका खांबाशी जोडून देणारी साइट गोव्यात शोधत बसू नकोस. किनाऱ्यावर तर नाहीच. २०१९ पासून किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणं, दारू पिणं यांवर कायद्याने दंड आहे, आणि वाळूवर गाडी चालवायलाही बंदी आहे. मोरजीचं पोरांना जरा समजावून सांग. मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्र चकाकत असतो म्हणून ती पाण्याकडे जातात, पण तंबूत कंदील दिसला तर तंबूकडे येतात. तुझी पोरं कासवाच्या बाजूची असतील तर हे एकदा सांगून पुरेल.

मग राहायचं कुठे? अंगणात. फोंड्याकडच्या देवस्थानांच्या अग्रशाळांमध्ये (भक्तांसाठीच्या खोल्यांत) आधी फोन करून एक खोली घे आणि गाडी आवारात लावायची परवानगी माग. न्हाणीघर मिळतं, पाणी मिळतं, पहाटे घंटा ऐकू येते. काही लोक होमस्टेच्या आवारातही लावू देतात. आणि आमचं कुळागर (पोफळी-माडांची बाग) आहेच. फक्त माडाखाली गाडी लावू नकोस आणि तंबूही नको. नारळ पडताना कळवून पडत नाही, आणि आमचा पाडेली (नारळ उतरवणारा) महिन्यातून एकदाच येतो.

लेव्हलिंग ब्लॉक आणायची गरज नाही. गोव्यात कुठेही जा, कुंपणाशी दोन चिरे पडलेले असतातच. एक चाकाखाली सपाट, एक मागे अडसर म्हणून. जांभा दगड रबराला धरून ठेवतो.

कॅसेट टॉयलेटबद्दल जरा स्पष्ट बोलतो, कारण इथेच लोक घोळ घालतात. ती शेतात, खाडीत, ओहोळात रिकामी करायची नाही. यजमानाला विचारून त्याच्या संडासात, बादलीभर पाण्यासकट. आत ते फॉर्मलिनवालं निळं रसायन टाकू नकोस. आमच्याकडे सेप्टिक टाकी आणि विहीर एकाच परसात असतात, त्या रसायनाने टाकीतले जिवाणू मरतात आणि मग वास आम्हांला येतो. एन्झाइमचं मिळतं, ते चालेल.

व्हॅनबरोबर पुण्याचा चालक आहे, ते बरंच आहे. तरी पुढे कधी नुसती गाडी भाड्याने घेतलीस तर नंबरपट्टी काळी आणि आकडे पिवळे आहेत ना बघ. पांढरी पट्टी म्हणजे कोणाची तरी खाजगी गाडी, अपघात झाला तर विमा हात वर करतो.

आणि सत्तरीकडच्या जंगलात पोरांना पालापाचोळ्यावर बसवू नकोस. तिथे गोचीड चावून माकडताप होतो. २०१५ पासून त्या भागात रुग्ण सापडलेत, आणि साधारण डिसेंबरपासून मेपर्यंतचा काळ त्याचाच. पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली पँट, परत आल्यावर अंग तपासणं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवायचं. अभयारण्यात रात्री थांबायला त्यांचीच परवानगी लागते. कोटीगाव आणि बोंडल्याला त्यांच्या खोल्या आहेत, त्या आधी आरक्षित कर.

कुंभारजुव्याच्या खाडीकाठी मगरी आहेत हे सांगायचं राहिलं. तिथे पाय सोडून बसायचं नाही.

भाई

प्रेषक: माई (टोरंटो, माहेर मडगाव)

भाईंनी सगळं सांगितलं, पण स्वयंपाकाचं नेहमीप्रमाणे कोणाच्या लक्षात नाही.

बंटी, तुझी प्रोपेनची शेगडी तिकडच्या सिलिंडरला बसणार नाही, तोंडच वेगळं. व्हॅनमध्ये शेगडी नसेल तर पाच किलोचं छोटं सिलिंडर पेट्रोल पंपावर मिळतं, रेग्युलेटर आणि नळी नवीन घे. सौर बॅटरीवर इंडक्शन लावायचं खूळ डोक्यात आलं असेल तर हिशेब कर. बारा व्होल्ट, दोनशे अँपिअर-तास म्हणजे चोवीसशे वॉट-तास. दोन हजार वॉटचं इंडक्शन त्यावर तासभर चाललं की संपलं, आणि बॅटरी साधी शिशाची असेल तर तिची निम्मीच वापरायची असते. पण बारा व्होल्टचा पंखा तीस-पस्तीस वॉट खातो, रात्रभर चालला तरी बॅटरीला कळतही नाही. डिसेंबरात गोव्यात पंखा पुरतो, एसी कशाला?

अमेरिकेतून एकच वस्तू नक्की आण: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, बॅटरीवरचा. दारं लावून आत शेगडी पेटवली की तो वायू होतो, त्याला वास नसतो. आमच्या ओळखीच्या घरात तो रात्री तीनला वाजला म्हणून चारजण आज आहेत.

डाळ-तांदूळ कुकरला लावून एक शिट्टी झाली की गॅस बंद, कुकर जाड चादरीत गुंडाळून ठेव. पाऊण तासात आपोआप शिजतं. सकाळी सहाला पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू आला की धावत जा, पोई (तिथला पाव) घे, नाश्त्याची चिंता मिटली. आणि कोकमाचं आगळ बाटलीत ठेव. फ्रिज लागत नाही, प्रवासात पोट बिघडलं तर उपयोगी.

माई

प्रेषक: कार्यकारिणी

विषयांतर होत आहे. दिवाळी फराळाची वर्गणी अजून एकोणीस जणांची बाकी आहे.

प्रेषक: बंटी (सध्या बाणावली)

भाई, माई, पाच दिवस झाले. कार्यकारिणीला आधी कळवतो की वर्गणी भरली.

मेसेंजर आणि पॉवर स्टेशन घरी राहिलं. अलार्म आणला. पण ट्रॅक्शन फळ्या आणल्या, माझी हौस. मोठ्या बॅगेत दोन्ही मिळून सात किलो, बायको त्यावरून अजून बोलतेय.

काल संध्याकाळी चालकाला सांगितलं, किनाऱ्यावर नको, कडेच्या सुरूच्या झाडांशी लाव. रस्ता संपतो तिथे जमीन घट्ट दिसत होती, वर नुसता पालाच. मागचं चाक बसलं. त्याने गॅस दाबला, आणखी बसलं. (पहिली चूक तीच. चाक फिरायला लागलं की थांबायचं, हे मला माहीत होतं, पण सांगायला उशीर झाला.) टायरची हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवली, वाळू उपसली, फळ्या सरकवल्या. साडेतीन टनांच्या गाडीपुढे फळ्यांनी एक फूट काम केलं आणि मग वाळूत गुडुप.

पलीकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाली होती. दहा-बाराजण आले, एकाने गाडीभोवती फेरी मारली, म्हणाला, “पात्रांव (मालक), ही होडी न्हय.” मग रापणीचा जाड दोर पुढच्या हुकाला बांधला, पोरांनाही दोराला लावलं आणि हेल काढत ओढलं. तिसऱ्या ओढीला गाडी बाहेर. चालक गॅसवर पाय ठेवणार तर म्हातारा ओरडला, तू नुसतं स्टिअरिंग धर, चाकं फिरव नको.

पैसे घेईनात. फळ्या मात्र उलटसुलट करून बघितल्या. होडी वाळूवर सरकवताना खाली टाकायला बऱ्या, असं त्यांच्यात बोलणं चाललं होतं. तिथेच देऊन टाकल्या. त्यांनी अर्धी टोपली बांगडे दिले. माई, सहा किलोच्या आसपास, फ्रिज छोटा, काय करू?

उद्या म्हार्दोळला येतो.

बंटी

प्रेषक: माई (टोरंटो)

चार किलो आजच्या आज शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाट. उरलेल्यांना मीठ-हळद लाव, आजच तळ. आणि बंद व्हॅनमध्ये तळू नकोस, महिनाभर वास जाणार नाही.

प्रेषक: भाई (म्हार्दोळ, फोंडा)

वाटू नकोस, इकडे आण. बर्फात घालून आण, वाटेत पेट्रोल पंपाशी हवा पुन्हा भर, अठरावर हायवेला लागू नकोस. चिरे फाटकाजवळ काढून ठेवलेत. जाताना जागेवर ठेव, कुंपणाचे आहेत.