ईईप्रॉमची मांडणी बदलली आणि आठ बोर्डांचा मॅक ॲड्रेस एकच झाला. वाचन कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) करावं की बाहेर?

भोसरीचा_बोर्डवाला

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचा सहा जणांचा कारखाना आहे. शीतगृहांतलं तापमान नोंदवणारे गेटवे बनवतो. बोर्डावर २४सी०२ ईईप्रॉम (वीज गेली तरी मजकूर टिकवणारी छोटी मेमरी चिप) आहे, २५६ बाईटची. तिच्यात अनुक्रमांक, मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाचा वेगळा असायला हवा असा पत्ता) आणि सेन्सरच्या कॅलिब्रेशनचे आकडे असतात. बोर्ड जोडून देणारा पुरवठादारच ती भरून पाठवतो.

पिंपळगावला द्राक्षांच्या एका शीतगृहात आठ गेटवे बसवले. एक लावला की मस्त चालतो, दुसरा लावला की दोघांचंही तुटायला लागतं. दोन दिवस मी केबल आणि स्विच बदलत बसलो. मग एका बोर्डाचा मॅक पाहिला: ५०:४७:३२:३४:३०:३७. दुसऱ्याचा तोच. आठांचाही तोच. आकडे वहीत लिहून आस्कीच्या (अक्षरांच्या आकडी संकेतांच्या) तक्त्याशी ताडले तर अक्षरं निघाली: पी, जी, २, ४, ०, ७. आमच्या अनुक्रमांकाची पहिली सहा अक्षरं! पीजी म्हणजे आमचं मॉडेल, पुढे २०२४ चा जुलै. त्या बॅचच्या प्रत्येक बोर्डावर ही सहा अक्षरं सारखीच असणार.

झालं असं की डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) मी ईईप्रॉमच्या नोडखाली ‘मॅक १६ व्या बाईटपासून, लांबी ६’ असं लिहून ठेवलं होतं. नव्या बॅचमध्ये पुरवठादाराने १६ वर अनुक्रमांक टाकला आणि मॅक ३२ वर नेला. आवृत्तीचा बाईट १ चा २ केला, शेवटी सीआरसीही (मजकूर बिघडलाय का ते तपासायचा आकडा) घातला, फक्त आम्हाला कळवलं नाही. आणि हेक्स ५० चा शेवटचा बिट शून्य, म्हणून कर्नलला तो पत्ता रीतसर युनिकास्ट, म्हणजे एकाच उपकरणाचा, वाटला. वैधतेच्या तपासणीत अडकला असता तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आता दोन्ही बॅचचे बोर्ड गिऱ्हाइकांकडे आहेत. राइट-प्रोटेक्टची (लिहिणं बंद करणारी) पिन बोर्डावरच बांधलेली, त्यामुळे ईईप्रॉम पुन्हा लिहिता येत नाही. एकच इमेज (बोर्डावर चढवायचं सगळं सॉफ्टवेअर) दोन्हींवर चालायला हवी. कर्नल ६.१ आहे. बूट झाल्यावर स्क्रिप्टने मॅक बदलू, की ड्रायव्हर लिहू?

नेटवर्क_सांगली

स्क्रिप्टच्या नादी लागू नका. ती चालेपर्यंत इथरनेट चुकीच्या पत्त्यावर उभं राहून डीएचसीपीकडून आयपी पत्ता मागून बसलेलं असू शकतं. आम्ही हे काम यू-बूटमध्ये (कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्ये) करतो. तिथे ईईप्रॉम वाचायची, आवृत्ती बघायची, मॅक एन्व्हायर्न्मेंटमध्ये (यू-बूटच्या सेटिंगांत) ठेवायचा. यू-बूट तो डिव्हाइस ट्रीत लोकल-मॅक-ॲड्रेस म्हणून घालून देतो, आणि कर्नल आधी तिथेच बघतो, एनव्हीमेमकडे (अशा चिपांतून मजकूर वाचणाऱ्या कर्नलच्या व्यवस्थेकडे) त्यानंतर वळतो.

भोसरीचा_बोर्डवाला

नवीन बोर्डांना हे नक्की करता येईल. पण बसवलेल्या बोर्डांचा बूटलोडर दुरून बदलायची माझी छाती नाही. कर्नलच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तर दुसरी उठते. बूटलोडर एकच आहे. बदलताना वीज गेली तर बोर्ड उघडून फ्लॅश करायला माणूस पाठवावा लागेल, आणि तिकडे वीज जाते हे आम्ही रोज आमच्याच नोंदींमध्ये बघतो.

ड्रायव्हर_कट्टा

मग हे काम कर्नलचंच. तुमच्याकडे काय चुकलं ते आधी नीट बघू. डिव्हाइस ट्री बोर्डाचं वर्णन करते, आणि बोर्ड तर दोन्ही बॅचमध्ये एकच आहे. फरक पडला तो ईईप्रॉमच्या आतल्या मजकुरात, आणि कोणती मांडणी आहे हे तो आवृत्तीचा बाईट वाचल्याशिवाय कोणालाच कळत नाही. म्हणजे ऑफसेट (कितव्या बाईटपासून वाचायचं ते) डिव्हाइस ट्रीत लिहिणं इथे चुकीचंच होतं.

एनव्हीमेमची चौकट कर्नलमध्ये २०१५ साली आली. बाईट कुठून आणायचे एवढंच तिला कळायचं. बाईटचा अर्थ लावणारे लेआउट ड्रायव्हर २०२३ मध्ये ६.४ ला आले. ६.८ मध्ये त्यांना स्वतंत्र बस मिळाली आणि उलगडलेले सेल (मॅक, अनुक्रमांक असे एकेक तुकडे) सिस-एफएसमध्येही (कर्नल आपली माहिती फाइलरूपात दाखवतो तिथे) दिसायला लागले. तेव्हा ६.१ सोडा, थेट ६.१२ वर या.

आधी ड्रायव्हर्स-एनव्हीमेम-लेआउट्स फोल्डरमधली एसएल२८-व्हीपीडी ही फाइल वाचा. दोनशे ओळींच्या आतला कोड आहे आणि तुमचीच गोष्ट आहे: मॅजिक (ओळखीची खूण), आवृत्ती, अनुक्रमांक, मूळ मॅक, सीआरसी. डिव्हाइस ट्रीमध्ये सेलचं फक्त नाव राहतं, ऑफसेट ड्रायव्हर ठरवतो. इथरनेटच्या नोडमधून सेलकडे बोट दाखवताना सोबत क्रमांक देता येतो. दोन पोर्ट असतील तर ० आणि १ द्या, वाचनानंतरच्या फंक्शनमध्ये मूळ मॅकमध्ये तेवढी भर घातली जाते.

दोन गोष्टी सांभाळा. लेआउट ड्रायव्हर वेगळं लोड होणारं मॉड्यूल म्हणून ठेवू नका, कर्नलमध्येच बांधा. तो जोडला जाईपर्यंत सेल मागणाऱ्या इथरनेटला उणे ५१७ हा त्रुटी-क्रमांक मिळतो, म्हणजे प्रोब (ड्रायव्हरने उपकरण सुरू करणं) पुढे ढकलला जातो. आणि अनोळखी आवृत्ती किंवा चुकलेला सीआरसी दिसला तर अंदाजाने ऑफसेट लावू नका. सरळ त्रुटी परत करा.

कॅलिब्रेशनचे आकडे मात्र कर्नलमध्ये आणू नका. मॅक दुसऱ्या ड्रायव्हरला प्रोबच्या वेळी लागतो, म्हणून तो आत. कॅलिब्रेशन तुमच्या ॲप्लिकेशनशिवाय कोणाला लागत नाही. ईईप्रॉमची कच्ची फाइल सिस-एफएसमध्ये असतेच, तिथून वाचा.

स्विचवाला_ठाणे

पुढच्या बोर्डासाठी एक सुचवतो: स्वतःची मांडणी शोधूच नका. आमच्या स्विचेसमध्ये ओनीची (स्विचवर सिस्टिम बसवण्याच्या खुल्या व्यवस्थेची) टीएलव्ही मांडणी असते. सुरुवातीला ‘टीएलव्हीइन्फो’ ही खूण, मग आवृत्ती आणि एकूण लांबी. त्यापुढे प्रत्येक नोंद प्रकार, लांबी, मजकूर अशी. हेक्स २३ म्हणजे अनुक्रमांक, २४ म्हणजे मूळ मॅक, शेवटी सीआरसी-३२. मध्ये एखादी नोंद वाढली तरी मॅक प्रकारावरूनच शोधला जातो, जागा सरकल्याने काही बिघडत नाही. तिचा लेआउट ड्रायव्हर कर्नलमध्ये तयारच आहे.

भोसरीचा_बोर्डवाला

मंडळी, मनापासून आभार. नऊ दिवस लागले, त्यातले सहा ६.१२ वर येण्यातच गेले.

ड्रायव्हरमध्ये दोन तक्ते आहेत, आवृत्ती १ चा आणि २ चा. जुन्या बॅचला सीआरसी नाही, म्हणून तिथे मॅकचे पहिले तीन बाईट आमच्या ठरलेल्या गटातले आहेत का तेवढं तपासतो. पिंपळगावचे आठही बोर्ड काल रात्री नव्या इमेजवर गेले. सकाळी स्विचवर आठ वेगळे मॅक होते.

नंतर टेबलावरच्या एका बोर्डावर ईईप्रॉमची सातवी, म्हणजे राइट-प्रोटेक्टची, पिन डाखाने सोडवून उचलली आणि आवृत्तीचा बाईट मुद्दाम ९ केला. इथरनेट उभंच राहिलं नाही, डीबग-एफएसमधल्या (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलींमधल्या) ढकललेल्या उपकरणांच्या यादीत जाऊन बसलं. आमच्याकडे बोर्ड पाठवण्याआधी प्रत्येकाला पिंग करून बघतात. असा बोर्ड आता तिथेच अडकेल.

पुरवठादाराला ओनीच्या मांडणीचं पत्रक पाठवलंय. कॅलिब्रेशनसाठी त्यात उत्पादकाच्या नोंदीची सोय आहे, पण आमचे आकडे धरून सगळं २५६ बाईटमध्ये बसतं का ते मोजतोय.