'टोन'ला मराठीत काय म्हणावं? (थाई शिकताना पडलेला प्रश्न)

गवती चहा:
एका शब्दापाशी अडले आहे, मदत हवी.

दीड वर्ष झालं बँकॉकला येऊन, थाई शिकायला लागून चार महिने. पुढच्या महिन्यात आई राहायला येते आहे. तिला बाजारात एकटीनं जाता यावं म्हणून शंभर पानी वहीत तिच्यासाठी थोडी थाई लिहून ठेवते आहे, सगळी देवनागरीत. इंग्रजी वाचायची तिला सवय नाही.

थाईत एकच अक्षर पाच तऱ्हांनी म्हणता येतं आणि दर वेळी अर्थ पालटतो. 'मा' सपाट म्हटलं तर 'येणं', वरच्या पट्टीत म्हटलं तर 'घोडा', खालून वर उचललं तर 'कुत्रा'. इंग्रजीत याला टोन म्हणतात. मी वहीत 'थाईतले पाच स्वर' असा मथळा घातला आणि आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "पाचच? आपल्याकडे तर अ-आ-इ-ई धरून बारा." म्हणजे मथळ्यातच घोटाळा. आणि खरे अ-आ-इ-ई थाईतही आहेतच, त्यांना मग काय म्हणू?

शिवाय मला एक नाही, दोन शब्द हवेत. टोन ऐकू येतो तो वेगळा आणि अक्षराच्या डोक्यावर जी खूण काढतात ती वेगळी. खुणा चार, टोन पाच. आणि खूण पाहून टोन कळेल असंही नाही. 'नाही' या अर्थाच्या 'माइ'वर पहिली खूण असते, पण उच्चार भलत्याच टोनचा, वरून खाली पडणारा. कारण तिथला 'म' व्यंजनांच्या ज्या गटातला आहे त्या गटावर पहिली खूण तसंच काम करते. बाई हे शिकवताना हवेत हातानं रेघ ओढत होत्या आणि मी वहीत नुसती 'खूण', 'सूर', 'चढ' असं काहीबाही लिहीत होते.

अनुस्वार:
'हेल' म्हणा की. अस्सल मराठी शब्द आहे. माझी आजी मालवणची. लग्न होऊन कोल्हापूरला आली आणि पन्नास वर्षं राहिली, तरी तोंड उघडलं की हेलावरून लोक गाव ओळखायचे. हेल आणि हेलखूण. दोन्ही प्रश्न सुटले.

जुनी पाटी:
अनुस्वार, हेल वाक्याचा असतो, अक्षराचा नाही. आजींनी हेल काढला म्हणून 'घोडा'चा 'कुत्रा' होत नव्हता. थाईत तो होतो. हिंदी व्याकरणात वाक्याच्या चढउताराला 'अनुतान' म्हणतात, त्याच्या शेजारी हेल ठीक बसेल.

अक्षराच्या उंचीसाठी आपल्याकडे वेदपठणातले फार जुने शब्द आहेत: उदात्त, अनुदात्त, स्वरित. स्वर चुकला की अर्थ चुकतो हेही आपल्याला नवं नाही. इंद्राला मारणारा मुलगा हवा म्हणून त्वष्ट्यानं यज्ञ केला, पण 'इंद्रशत्रु' म्हणताना आघात भलत्याच अक्षरावर पडला. 'इंद्राचा मारेकरी'ऐवजी 'इंद्र ज्याचा मारेकरी' असा अर्थ झाला आणि जन्मलेला मुलगा, वृत्र, इंद्राच्याच हातून मेला. वेदपाठशाळेत ही गोष्ट पहिल्या वर्षाला सांगतात. एवढी परंपरा असताना नवा शब्द कशाला घडवायचा?

काळी दोन:
स्वरित कुठल्या शाखेत कसा म्हणतात यावरच तुमच्यात एकमत नाही, त्यात थाईचे पाच कुठे बसवणार?

मी पेटी शिकवतो, कानानं बोलतो. ताईंनी सांगितलेले शब्द मी आज सकाळी ऐकले. सूर एका जागी उभा राहतो, तो सपाट 'मा'. पण 'कुत्रा'तला 'मा' खालच्या जागेवरून निघून वर सरकतो, मध्ये कुठे तुटत नाही. याला आमच्याकडे मींड म्हणतात. 'नाही'तला 'माइ' म्हणजे उतरती मींड. विद्यार्थ्याला 'सूर' सांगितलात तर तो एका जागी दाबून धरेल आणि चुकेल. आईंना 'चढती मींड, उतरती मींड' सांगून बघा. थोडंफार गाणं ऐकलेल्या माणसाला लगेच कळेल.

तळ्याकाठी:
सरळ 'टोन' लिहा. रिंगटोन प्रत्येकाच्या तोंडात आहे. आईंना शब्द शिकायचा नाहीये, तांदूळ आणायचाय. शुद्धीच्या नादात आपण 'दूरध्वनी' केला आणि तो सरकारी कागदावर राहिला. बोलताना सगळे फोनच करतात.

गवती चहा:
तळ्याकाठी, इथे तर उलटं दिसतं. थाईत फोनला 'थोरसप्' म्हणतात. थोर म्हणजे दूर, सप् म्हणजे शब्द. लिहिताना सगळी संस्कृत अक्षरं लिहायची आणि बोलताना थाई जिभेला जमेल तेवढीच ठेवायची. आणि हा शब्द कागदावरचा नाही. भाजीवालीसुद्धा 'थो' म्हणते, 'मला थो कर'. दूरचं क्रियापद झालंय!

आज बाईंना विचारलं, तुम्ही टोनला काय म्हणता? त्यांनी फळ्यावर 'व-र-र-ण-यु-क-त' लिहिलं आणि वाचलं 'वन्नयुक'. वर्णयुक्त! वहीत उतरवताना हात थांबला माझा. ऐकू येतो तो 'सियांग वन्नयुक', सियांग म्हणजे आवाज. लिहितात ती खूण 'रूप वन्नयुक', आणि रूप म्हणजे आपलं रूपच. टोनची नावंसुद्धा ओळखीची: सामन, एक, थो, त्री, चत्तवा. सामन म्हणजे सामान्य, सपाट. खुणा मात्र एक ते चत्तवा अशा चारच, कारण सामान्याला खूण लागत नाही.

जुनी पाटी:
मग प्रश्न मिटला. 'वर्णयुक्त' घ्या. शब्द आपल्याकडून गेला, तो परत घ्यायला लाज कसली?

अनुस्वार:
मराठी वाचकाला 'वर्णयुक्त' म्हटलं की रंगीत काहीतरी आहे असं वाटेल. शब्द गेला तेव्हा गेला, आता तो त्यांचा. त्यांनी अर्थ स्वतःचा घातलाय. आपला म्हणून तो उचलणं मला पटत नाही. 'आहार'चं त्यांनी 'आहान' केलं, कारण त्यांच्याकडे शब्दाच्या शेवटी र टिकत नाही, न होतो. तेही आपण परत आणायचं का?

तळ्याकाठी:
आणि थाई लोक टीव्हीला काय म्हणतात ते ताईंनी सांगितलं नाही. दूरदर्शनवरून घडवलेला 'थोरथत्' आहे, पण घरात 'थीवी'च म्हणतात. एक शब्द रुजला म्हणून सगळे रुजत नाहीत.

जुनी पाटी:
मान्य. पण 'सवत्दी' घ्या, त्यांचा नमस्कार. आज परदेशी माणूस पहिला शिकतो तो हा शब्द, आणि तो घडवलेला आहे. फ्रया उप्पकित सिलपसान यांनी चुलालोंगकोर्न विद्यापीठात 'स्वस्ति'वरून तो रूढ केला आणि 1943 मध्ये सरकारनं अधिकृत केला. माणसं वापरतात म्हणून तो जिवंत आहे. आपले 'महापौर' आणि 'दिनांक' हेही घडवलेलेच. आज ते कोणाला टोचतात?

तळ्याकाठी:
ते सरकार टोपी घालायचेही हुकूम काढत होतं. टोपी गेली, सवत्दी राहिलं. का राहिलं, याचं उत्तर हुकमात नाही. म्हणायला सोपं आणि कोणत्याही वेळी चालणारं म्हणून राहिलं. 'उदात्त-अनुदात्त' त्या कसोटीवर उतरणार नाही.

मधली आळी:
मी आतापर्यंत नुसती वाचत होते. मी तीन वर्षं फुकेतला हॉटेलात नोकरी केली. तुमचा शब्द कुठलाही ठरो, गवती चहा, वहीत आधी 'फ'चं काहीतरी करा. 'फन' हा शब्द घ्या. ओठ मिटून सोडलेला खरा फ, म्हणजे 'फळ' आजी म्हणायच्या तसा, तर अर्थ 'हजार'. दात ओठावर टेकवून इंग्रजी फॅनमधला, तर अर्थ 'दात'. दोन्हींचा टोन एकच, सपाट! मी हिशेबात 'दोन हजार' म्हणायची आणि समोरची मुलगी गोंधळून माझ्या तोंडाकडे बघायची. देवनागरीत दोन्ही 'फन'च लिहाल.

जुनी पाटी:
हे मी वर्गात कंठशोष करून सांगतो. मराठीतला फ ओठांचाच आहे. आता मुलं 'फूल' आणि 'फळ' सर्रास दात लावून म्हणतात. त्यांना थाई शिकायला पाठवलं पाहिजे.

अनुस्वार:
भाषा बदलते, सर. मीही दात लावूनच म्हणतो आणि माझं मराठीपण कमी झालेलं नाही. हिंदीवाले करतात तसा दातांच्या फला खाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्या, काम झालं.

गवती चहा:
नुक्ता दिला. मधली आळी, तुमचे उपकार, हे मला सुचलंच नसतं. माझीही तशीच फजिती झाली होती. 'क्लाइ' सपाट म्हणजे लांब, 'क्लाइ' पडता म्हणजे जवळ. मी देऊळ जवळ आहे का म्हणून विचारलं, बाई "क्लाइ" म्हणाल्या, मी मान डोलावून चालू लागले आणि भर दुपारी चाळीस मिनिटं चालले. आईच्या वहीत या दोन शब्दांसमोर मी बाण काढलेत, एक आडवा आणि एक खाली जाणारा. काळी दोन, मींड तिला फोनवर गुणगुणून दाखवली, तिला लगेच जमली. मथळ्याची जागा अजून कोरीच आहे.

एक राहिलं. थाई मुळाक्षरांत ळ आहे! क, ख, ग च्याच वर्गांत सगळी लावलेली, 44 व्यंजनं, आणि शेवटाकडे ह नंतर ळ. उच्चार आता ल सारखाच करतात, पण लिहिताना ठेवलाय. चुलालोंगकोर्न राजाच्या नावात तोच आहे. खेळाला 'कीला' म्हणतात, त्यातही ळ लिहितात. आपल्याकडे 'क कमळाचा' तसं त्यांचं 'क कोंबडीचा', आणि ळ आहे पतंगाचा.

मधली आळी:
ळ पतंगाचा! तीन वर्षं पाट्या वाचल्या आणि लक्षात आलं नाही.

काळी दोन:
सामन, एक, त्री, चत्तवा हे कळलं. पण 'थो' कुठून? द्वि वरून, की आपल्या 'दोन'सारखं काही प्राकृतातून गेलंय? जुनी पाटी, सांगाल का?